डुकरांतला फ्लू: संथ बदल की अदलाबदल?

महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या भाचीने इंदूरला आमच्या ओट्यावर पत्ते मांडले. आठ लाल, आठ काळे. फ्लूच्या विषाणूचे जनुकीय तुकडे आठच.

संथ बदल म्हणजे नकलेतली चूक. हा विषाणू आपली नक्कल तपासत नाही, चुका साचतात, जुनी लस कमी पडते.

अदलाबदलीची गोष्टच निराळी. डुकराच्या श्वासनलिकेत माणसाचा आणि पक्ष्याचा, दोन्ही विषाणू शिरू शकतात. एकाच पेशीत गाठ पडली की पत्ते पिसले जातात. २००९च्या साथीचा एच१एन१ असाच झाला: सहा तुकडे उत्तर अमेरिकेतल्या डुकरांच्या विषाणूचे, दोन युरेशियातल्या.

मला धास्ती पिसण्याचीच जास्त वाटते. भाची मात्र स्वतःला सर्दी असली की डुकरांच्या वाड्यात पाऊलच टाकत नाही. आपला फ्लूही त्यांना लागतो.