जेडिस की लेट्यूस? देखभाल करणाऱ्याच्या नजरेतून

रेडिस हा मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस. जावातून त्याच्याशी बोलायला जेडिस आणि लेट्यूस या दोन लोकप्रिय क्लायंट लायब्ररी आहेत. वापरणारे वेगाची तुलना करतात. मला मात्र त्या सांभाळणाऱ्यांचं काम जास्त मोलाचं वाटतं.

जेडिसचा कोड सरळ आहे: कमांड पाठवा, उत्तर येईपर्यंत थांबा. नवा माणूस पहिला पॅच (कोडमधली दुरुस्ती) पटकन पाठवू शकतो, आणि बगही सहसा लवकर हाती लागतो. पण एकच जेडिस ऑब्जेक्ट अनेक थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांमध्ये, वापरला, की एकाचं उत्तर दुसऱ्याला जाऊ शकतं. म्हणून पूल, म्हणजे तयार कनेक्शनचा साठा, हवा. सेटिंग बदललं नाही तर पूलची मर्यादा 8 कनेक्शनची. घेतलेलं कनेक्शन परत करायचं राहिलं की अॅप्लिकेशन अडकतं आणि तक्रार लायब्ररीकडे येते. अशा तक्रारींना शांतपणे, पुन्हा पुन्हा उत्तर देणं हेसुद्धा देखभालीचंच काम.

लेट्यूस नेटी या जावाच्या नेटवर्क फ्रेमवर्कवर उभी आहे. एकच कनेक्शन अनेक थ्रेड वाटून घेतात. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमध्ये 2.0 पासून, म्हणजे 2018 पासून, वेगळं काही निवडलं नाही तर लेट्यूसच वापरली जाते. किंमत आतल्या बाजूला मोजावी लागते. सिंक (उत्तरासाठी थांबणारा), असिंक (न थांबणारा) आणि रिअॅक्टिव्ह (उत्तरं प्रवाहासारखी हाताळणारा) असे तीन एपीआय जुळवून ठेवायचे. कनेक्शन तुटलं तर रांगेतल्या कमांडचं काय, ती दोनदा तर चालणार नाही ना, हे प्रश्न खरोखर अवघड आहेत. त्यात कुणी वाटून घेतलेल्या कनेक्शनवर बीएलपॉप, म्हणजे यादीत काही येईपर्यंत थांबून राहणारी कमांड, चालवली, की मागचे सगळे ताटकळतात.

ओपन सोर्समध्ये पहिल्यांदाच हातभार लावणाऱ्याला मी जेडिस सुचवेन. नेटवर्क प्रोग्रॅमिंग मुळापासून शिकायचं असेल तर लेट्यूसचा रीकनेक्टचा कोड वाचा, सावकाश.