रिक्वेस्ट्स: काम चोख, फक्त पासवर्डच्या बाबतीत आगाऊ

नाशिकजवळच्या सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांना मी स्क्रिप्ट लिहून देतो. रात्रपाळी सुटली की प्रॉडक्शनचा रिपोर्ट उचलायचा आणि ग्राहकाच्या सर्व्हरवर चढवायचा, एवढंच काम. ते पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीवर (वेब सर्व्हरशी बोलायचा तयार कोड) चालतं आणि छान चालतं. दोन ओळींत फाइल जाते, एरर आला तर तो वाचून कळतो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

लिहायचंय ते साठवलेल्या लॉगिनबद्दल. अंबडच्या एका कारखान्यात टोकन (पासवर्डऐवजी दिलेली किल्ली) बरोबर, ते ज्यात जातं ते हेडर बरोबर, तरी सर्व्हर ४०१, म्हणजे 'ओळख पटली नाही' हा एरर, फेकत होता. तीच स्क्रिप्ट माझ्या लॅपटॉपवर बिनबोभाट चालायची. शेवटी कारखान्याच्या लिनक्स मशीनच्या होम फोल्डरमध्ये .नेटआरसी फाइल सापडली; सर्व्हरनिहाय लॉगिन-पासवर्ड साठवायची ही फाइल. आधीच्या कंत्राटदाराने त्याच होस्टचं (सर्व्हरचं) जुनं लॉगिन तिथे ठेवलं होतं. तुम्ही रिक्वेस्टला 'ऑथ' (लॉगिनसाठीचा वेगळा पर्याय) दिलं नाही की रिक्वेस्ट्स ही फाइल आपणहून उघडते, होस्ट जुळला की तुमचं ऑथोरायझेशन हेडर पुसून तिथे फाइलमधलं लॉगिन बसवते. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे, नाकारत नाही. पण हाताने लिहिलेल्या हेडरपेक्षा कुणीतरी कधीतरी ठेवलेल्या फाइलचा मान मोठा, हे मला पटत नाही. त्यात उलट गंमत अशी की ती फाइल बिघडलेली असेल किंवा वाचायची परवानगी नसेल, तर लायब्ररी काही न बोलता पुढे जाते.

फाइलमध्ये 'डिफॉल्ट' अशी ओळ असेल तर आणखी जपा. नाव न जुळणाऱ्या कुठल्याही होस्टला मग तेच लॉगिन जातं.

आणि हे नुसतं गैरसोयीपुरतं नाही. सीव्हीई-२०२४-४७०८१ या क्रमांकाने नोंदलेली रिक्वेस्ट्समधली सुरक्षा-त्रुटी याच कोपऱ्यातली: पत्ता मुद्दाम वाकडा रचला की एका होस्टचा पासवर्ड भलत्याच सर्व्हरकडे जायचा. जून २०२५ मध्ये आलेल्या २.३२.४ आवृत्तीत ती दुरुस्त झाली. जुनी आवृत्ती असेल तर आज अपडेट करा.

असंच काम करणारं कमांड-लाइनचं कर्ल तरी कुठे धुतल्या तांदळासारखं आहे! रीडायरेक्टच्या वेळी (सर्व्हर दुसऱ्या पत्त्यावर पाठवतो तेव्हा) .नेटआरसीतला पासवर्ड दुसऱ्या होस्टला जाण्याची एक चूक त्यात वर्षानुवर्षं होती, ती डिसेंबर २०२४ च्या ८.११.१ मध्ये गेली. पण मूळ रीत कर्लची सरळ: -एन (लहान लिपीतला) असा पर्याय दिल्याशिवाय फाइलला हात लावत नाही. पायथनचीच दुसरी लायब्ररी एचटीटीपीएक्स, तिलाही आता ही फाइल वाच असं स्पष्ट सांगावं लागतं.

रिक्वेस्ट्समध्ये उपाय म्हणून सेशनवर ट्रस्ट_एन्व्ह (मशीनवरच्या सेटिंग्ज वापरायच्या की नाही ते ठरवणारा पर्याय) फॉल्स करा, असं सगळे सांगतात. खरं आहे, पण मग प्रॉक्सीची (इंटरनेटला जाणाऱ्या मधल्या सर्व्हरची) मशीनवर ठेवलेली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सही बंद पडतात. एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यांचं इंटरनेट प्रॉक्सीतून जातं, तिथे स्क्रिप्ट बाहेरच पडत नाही. प्रॉक्सी कोडमध्ये लिहावी लागते. म्हणून मी टोकन हेडरमध्ये न घालता छोटा ऑथ क्लास करून ऑथमध्ये देतो. ऑथ दिलेलं दिसलं की पहिल्या रिक्वेस्टला लायब्ररी .नेटआरसीकडे वळत नाही. रीडायरेक्ट झाला तर मात्र ती पुन्हा डोकावते, म्हणून अपलोडला रीडायरेक्ट बंदच ठेवतो.

पाचपैकी साडेतीन. जुन्या स्क्रिप्ट हलवणार नाही, नवं काम एचटीटीपीएक्सवर.