बेटर सर्च रिप्लेस प्लगिन: मिक्स्ड कंटेंट काढायला कामाचं आहे काय?

इतवारीतल्या काकाच्या साड्यांच्या दुकानाची वर्डप्रेस साईट मीच पाहतो, म्हणून हा रिव्ह्यू. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट लागलं, पत्ता एचटीटीपीचा एचटीटीपीएस म्हणजे सुरक्षित झाला, काका खुश, पण होमपेजवरचा स्लायडर बंद. एफ१२ दाबून कन्सोल उघडला तर लाल अक्षरात मिक्स्ड कंटेंट. म्हणजे पान एचटीटीपीएसवर अन् आतली स्क्रिप्ट अजून जुन्या एचटीटीपी पत्त्यानं मागवून राहिली. फोटो असला तर आताचं क्रोम स्वतःच एचटीटीपीएसनं मागून पाहते, पण स्क्रिप्ट अन् आयफ्रेम (पानाच्या आत लावलेलं दुसरं पान) सरळ ब्लॉक, अन् बरोबरच आहे, कोणी रस्त्यात ती स्क्रिप्ट बदलली तर अख्खं पान त्याच्या हातात. बरेच जण म्हणतात रिडायरेक्ट लाव नं, म्हणजे जुना पत्ता मागितला की सर्व्हर नव्यावर पाठवते, होते सगळं. नाही होत राजेहो, ब्राउझर रिक्वेस्ट बाहेर जायच्या आधीच अडवते, रिडायरेक्टपर्यंत पोचतच नाही.

आता प्लगिन. हे डेटाबेसमधले जुने पत्ते शोधून त्याजागी नवे टाकते. टूल्समध्ये जायचं, जुना पत्ता, नवा पत्ता, टेबलं निवडायची. ड्राय रनची टिक आधीच लागून असते, म्हणजे पहिल्यांदा फक्त किती ठिकाणी बदल होईल तेवढंच सांगते, काही बिघडत नाही. मले सगळ्यात आवडलं ते सिरियलाइज्ड डेटाचं, म्हणजे एका ओळीत गुंडाळून ठेवलेल्या माहितीचं. विजेट अन् थीमच्या सेटिंग्ज डेटाबेसमध्ये अक्षरांच्या मोजणीसकट साठवलेल्या असतात, एचटीटीपीचं एचटीटीपीएस केलं की एक अक्षर वाढते, पीएचपीमायअॅडमिन या डेटाबेस हाताळायच्या साधनातून सरळ क्वेरी मारली तर मोजणी चुकते अन् विजेट गायब! हे प्लगिन मोजणी पण दुरुस्त करते. जीयूआयडीवाल्या (प्रत्येक पोस्टची कायमची ओळख) खोक्याले हात लावू नका. अन् बॅकअप आधी घ्या बाप्पा, यात अनडू नाही.

दुसरी प्लगिनं पान उघडतानाच पत्ते बदलून देतात, सोपं आहे, पण डेटाबेसमध्ये जुनंच राहते, प्लगिन काढलं की परत तेच. म्हणून माझं मत याच्याच बाजूनं.

पण याच्यानं सगळंच होते असं नाही. थीमच्या हेडर फाइलमध्ये कोणी हातानं एचटीटीपी लिहून ठेवलं असेल तर तिथं हे पोचत नाही, ती फाइल उघडूनच बदलावी लागते, आमची स्लायडरची स्क्रिप्ट तिथंच निघाली. एलिमेंटर हे पान बनवायचं प्लगिन पत्ते वेगळ्या पद्धतीनं साठवते, स्लॅशच्या आधी उलटा स्लॅश टाकून, त्याच्यासाठी त्याचंच रिप्लेस यूआरएल टूल वापरा. दुसऱ्याच्या साईटवरून आणलेली वस्तू तिकडे एचटीटीपीएसवर नसेलच तर काढून टाका नाहीतर परवानगी असेल तर आपल्या सर्व्हरवर आणा. तोवर घाई असली तर सर्व्हरच्या कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी या हेडरमध्ये (पानासोबत ब्राउझरला जाणारी सूचना) अपग्रेड-इनसिक्युअर-रिक्वेस्ट्स लावता येते, पानातल्या फोटो-स्क्रिप्टच्या मागण्या एचटीटीपीएसनं जातात, जे तिथं नाही ते मात्र दिसणारच नाही.

५ पैकी ४. एक स्टार कापला कारण स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर मोठं टेबल असलं की मधातच अडकते, सेटिंग्जमधला मॅक्स पेज साइज (एका दमात किती ओळी तपासायच्या ते) कमी केला की चालते, पण ते आधी कोणी सांगत नाही. झाल्यावर कॅशे साफ करा अन् इनकॉग्निटोमध्ये उघडून परत कन्सोल पाहा, नाहीतर जुनंच पान दिसून उगाच प्लगिनले शिव्या द्याल.