लोडरची बकेट हळू खाली यावी म्हणून लावलेला वॉल (व्हॉल्व्ह), आठ महिन्यांनंतर

मे महिन्यात बसवला, आता जानेवारी चालू आहे, अख्खा पावसाळा मधे गेला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. आमचं काम गोरेगावला, आरेच्या तबेल्यांतलं शेण उचलायचं. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर, पुढे लोडर, म्हणजे ऑइलच्या जॅकवर वर-खाली होणारे हात आणि टोकाला बकेट. ओल्या शेणाने भरलेली बकेट खाली घेताना लिव्हर जरा जास्त गेला की धाडकन यायची. ट्रॉलीचा फाळका दोनदा वाकला, आणि दूध काढायच्या वेळेला म्हशी बिचकल्या की तबेलेवाला दिवसभर ऐकवतो ते वेगळंच.

रेस कमी ठेवून चालव, हे सगळ्यांनी सांगून झालं. वर जाताना ते बरोबर आहे, पंप इंजिनवर चालतो, रेस कमी तर ऑइल कमी. पण खाली बकेट स्वतःच्या वजनाने येते, तिला रेसशी काय घेणंदेणं. मग आमच्या मेकॅनिकने ऑइलच्या लाइनमध्ये दोन एमएमचं भोक पाडलेली चकती टाकून दिली, फुकटात काम झालं म्हणून मी खूश, पण चकती दोन्ही बाजूंनी अडवते ना, उचलायलाही तेवढाच वेळ लागायला लागला, दोन दिवसांत काढून टाकली.

शेवटी मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलो आणि तीन सुती (३/८ इंची) वन वे फ्लो कंट्रोल, म्हणजे एकाच दिशेला ऑइल अडवणारा वॉल घेतला, डाउटी वॉशर (रबराची कड असलेले, गळती थांबवणारे) धरून साडेअकराशे. यात आत एक चेक (एकाच बाजूला उघडणारी झडप) असतो, एका दिशेला ऑइल मोकळं जातं आणि दुसऱ्या दिशेला सुईच्या फटीतून, नॉब फिरवून फट कमीजास्त करायची. टेफ्लॉन टेप अजिबात लावू नका, तिचे तुकडे सुटून स्पूलमध्ये (लिव्हरने सरकून ऑइलची वाट बदलणारी दांडी) जाऊन बसतात.

पहिल्यांदा आम्ही उलटा बसवला. बाण बघून बसवलेला, तरी उलटा! कारण काही कंपन्या बाण मोकळ्या दिशेचा मारतात, काही अडवलेल्या दिशेचा. बॉडीवर कोरलेलं चिन्ह बघा, नाहीतर बसवायच्या आधी तोंडाने फुंकून बघा, आम्ही दुसऱ्यांदा तेच केलं.

आणि जागा महत्त्वाची. बूमच्या (लोडरच्या हातांच्या) जॅकच्या बुडाकडची लाइन, जिथून बकेट खाली येताना ऑइल बाहेर पडतं, तिथेच अडवायचं. दांड्याकडे आत जाणारं ऑइल अडवलं तर वजन पिस्टनला ओढून नेतं, मागे ऑइल पोचत नाही, पोकळी होते आणि बकेट काही थांबत नाही. दोन्ही जॅकची लाइन जिथे टीला (तीन तोंडांच्या जोडाला) मिळते त्याच्या आधी, लिव्हरच्या बाजूला, एकच वॉल लावला, दोन वेगळे लावले आणि सेटिंग थोडं जरी मागेपुढे झालं तर बूम पिळवटतो. पण टीच्या पुढचा, जॅककडचा पाइप फुटला तर हा वॉल कामाचा नाही, त्यामुळे उचललेल्या बकेटखाली आमच्याकडे कोणी उभं राहत नाही, राहिलं तर शिव्या खातं.

बकेट पालथी करायच्या जॅकवर मुद्दाम लावला नाही. तिथे पालथी करताना ऑइल दांड्याच्या बाजूने निघतं. आमचा जॅक ६३ एमएम बोअर (आतला व्यास), दांडा ३५, म्हणजे बुडाकडे ३१ चौरस सेंमी आणि दांड्याकडे साडेएकवीस. बुडाकडे १५० बार प्रेशर असेल आणि समोरची वाट आवळली तर जागा कमी म्हणून दांड्याकडे २१७ च्या आसपास होतात, वर शेणाचं वजन वेगळं. आमचे पाइप जुने आहेत, नको ते.

काम कसं करतो म्हणाल तर धाडकन प्रकार पूर्ण बंद, उचलायचा स्पीड होता तेवढाच. त्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल. पण भरलेली बकेट त्यातल्या त्यात जोरात येते आणि रिकामी रेंगाळते, सकाळी ऑइल थंड असताना हळू आणि दुपारी पातळ झालं की परत जोरात, साधी सुई आहे तिला ना प्रेशर कळतं ना ऑइलचा पातळपणा, प्रेशर कळणारा कॉम्पेन्सेटेडवाला बराच महाग पडतो म्हणून नाही घेतला. दुसरं म्हणजे फ्लोटवर (लिव्हरची ती पोझिशन, जिथे बकेट जमिनीवर मोकळी टेकून राहते) टाकून फरशी खरवडताना बकेट खड्ड्यात पटकन उतरत नाही, शेण मागे राहतं, मग फावडं घेऊन माणूस लावा. हे आधी डोक्यातच आलं नव्हतं.

नॉब जास्त आवळायचा मोह होतो, तो टाळा. आवळून वर लिव्हर पूर्ण दाबून धरला तर पंपाचं ऑइल रिलीफमधून (प्रेशर जास्त झालं की उघडणारा वॉल) घरघर करत टाकीत जातं. मिनिटाला तीस लिटरचा पंप दीडशे बारवर असा सोडला तर साडेसात किलोवॅट, म्हणजे दहा हॉर्सपॉवर नुसती ऑइल तापवायला. जुलैत आमच्या टाकीला हात लावता येत नव्हता. आता खाली घेताना लिव्हर अर्धाच.

बाकी एकच कटकट राहिली आहे. बदली ड्रायव्हर आला की त्याला बकेट स्लो वाटते, तो पहिल्याच फेरीत नॉब सोडून ठेवतो आणि सांगत नाही. पुढच्या खेपेला नागदेवीला गेलो की अॅलन कीने फिरणारा घेणार आहे आणि की माझ्या खिशात.