लसचाचणीसाठी नाव द्यायचं तर कुठे? सीटीआरआय आणि सामायिक नोंदणीचं परीक्षण

मुंबईतल्या निरोगी माणसाला लसीच्या चाचणीत भाग घ्यायचा असेल, तर सगळ्यांसाठी खुलं असलेलं मुख्य सरकारी साधन म्हणजे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, अर्थात सीटीआरआय. ती २००७ पासून सुरू आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला स्वयंसेवक घेण्याआधीच चाचणीची नोंद तिथे व्हावी लागते. बघायला पैसे पडत नाहीत, लॉगिनही लागत नाही. चाचणी खरी की कोणी व्हॉट्सॲपवर उठवलेली, हे ताडून पाहायला याहून चांगली जागा नाही. स्वयंसेवक व्हायला मात्र ती अपुरी आहे. ही यादी चाचण्यांची आहे. तिथे आपलं नाव, वय, पिनकोड देऊन ठेवायची सोय नाही.

शोधायचं कसं? आजाराचं किंवा लसीचं नाव इंग्रजीत टाकायचं, कारण मराठीत काहीच सापडत नाही. नोंद उघडली की आधी भारतापुरतं 'रिक्रूटमेंट स्टेटस', म्हणजे भरतीची स्थिती, बघायचं. तिथे 'ओपन टू रिक्रूटमेंट' नसेल तर पुढे वाचण्यात अर्थ नाही. मग साइट्सचा, म्हणजे चाचणी होणाऱ्या रुग्णालयांचा, तक्ता. इथे बरेच जण फसतात: केईएम पुण्यातही आहे, त्यामुळे पत्त्यात परळ आहे ना, हे पाहायचं. परळचं केईएम कधी सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज या नावाखालीही दिसतं. त्यानंतर एथिक्स कमिटीची (स्वयंसेवकांचं हित पाहणाऱ्या समितीची) मंजुरी, डीसीजीआयची (देशाच्या औषध महानियंत्रकांची) परवानगी आणि शेवटी कोणाला घेणार, कोणाला नाही याचे निकष. सरावासाठी कोविशिल्डची जुनी नोंद उघडा: सीटीआरआय/२०२०/०८/०२७१७०. ती १,६०० जणांची चाचणी होती आणि मुंबईत केईएम व नायरमध्ये झाली.

अडचण येते ती फोन लावल्यावर. तक्त्यातला नंबर बहुधा प्रमुख संशोधकाचा असतो, भरती सांभाळणाऱ्या को-ऑर्डिनेटरचा नव्हे. शिवाय स्थिती बदलण्याचं काम नोंद करणाऱ्याकडेच असल्याने, जागा भरल्यावरही 'ओपन' तसंच राहू शकतं.

सामायिक नोंदणीचा, म्हणजे सगळ्या चाचण्यांसाठी स्वयंसेवकांनी एकाच ठिकाणी नाव देण्याचा, फायदा इथे कळतो. ब्रिटनने जुलै २०२० मध्ये कोविड लसींसाठी देशभराची एकच स्वयंसेवक नोंदणी उघडली आणि पुढे तिथे ५ लाखांवर लोकांनी नावं दिली. नोव्हावॅक्स कंपनीच्या लसीच्या तिथल्या चाचणीत १५,००० हून अधिक जण सुमारे दोन महिन्यांत घेतले गेले, त्यांत पाव भागाहून जास्त ६५ वर्षांपुढचे. अमेरिकेतल्या रिसर्चमॅच या स्वयंसेवक नोंदणीची रचना आम्हाला सर्वांत आवडते. संशोधकाला आधी फक्त बिननावाची माहिती दिसते, एथिक्स कमिटीने मंजूर केलेला निरोप नोंदणीमार्फत जातो, आणि स्वयंसेवकाने होकार दिल्यावरच त्याचा संपर्क उघड होतो. आपल्याकडे अशी व्यवस्था उभी करायची तर हाच नमुना घ्यावा.

पण नुसता आकडा फुगून भागत नाही. ऑनलाइन फॉर्म भराभर भरतात ते तरुण, शिकलेले, धडधाकट लोक. अमेरिकेतल्या मॉडर्ना कंपनीला सप्टेंबर २०२० मध्ये ३०,००० जणांच्या कोविड लसचाचणीची भरती मुद्दाम मंदावावी लागली, कारण कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य गटांतले लोक कमी पडत होते. मुंबईत याला आणखी एक पदर आहे. जुलै २०२० च्या सेरोसर्व्हेत (रक्ततपासणीच्या पाहणीत) इथल्या तीन वॉर्डांत झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडं, म्हणजे कोविड होऊन गेल्याची खूण, सापडली, झोपडपट्टीबाहेर १६ टक्के. ज्या चाचणीला प्रतिपिंडं नसलेलेच लोक हवेत, तिला अशा वेळी १०० जण मिळवायला झोपडपट्टीत सुमारे २३३ जणांचं रक्त तपासावं लागेल, इमारतींमध्ये ११९ जणांचं. ही तफावत पाहून 'मग इमारतींतलेच घेऊ' असं ठरवणं सर्वांत सोपं, आणि सर्वांत चुकीचं. लस दाटीच्या घरांत कशी चालते, हे मग कळणारच नाही. म्हणून सामायिक नोंदणीच्या फॉर्ममध्ये पिनकोड हवा, घरात माणसं किती आणि खोल्या किती हेही हवं.

एकच माणूस दोन चाचण्यांत शिरण्याचा धोकाही खरा आहे. दोन लसींचे परिणाम एकमेकांत मिसळतात आणि त्याच्या जिवालाही घोर. प्रत्येक रुग्णालयाची वेगळी एक्सेल फाइल हे पकडू शकत नाही, सामायिक नोंदणी पकडू शकते. मात्र ओळख मोबाइल नंबरावर ठेवू नये. अनेक घरांत एकच फोन असतो, आणि नंबर बदलतातही. नोंदणीने दर सहा महिन्यांनी 'अजून तयार आहात का?' असं विचारावं, उत्तर नसेल तर नाव बाजूला काढावं.

नोंदणी म्हणजे संमती नव्हे, हे पहिल्याच पानावर ठळक मराठीत हवं. नवी औषधं आणि चाचण्यांबाबतच्या २०१९ च्या नियमांनुसार संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत असावं लागतं, कधीही बाहेर पडता येतं आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात. सहीआधी माहितीपत्रक घरी न्यायला मागा. कोणी नाही म्हणालं, तर तिथूनच परत फिरा.

नोंदणीच्या फॉर्ममध्ये आणखी एक रकाना हवाच: रोज कुठल्या स्टेशनावरून किती वाजता निघता. इंजेक्शनला लोक येतात. गळती होते ती पुढच्या महिन्यांतल्या रक्ततपासण्यांना. विरार-कल्याणहून येणाऱ्याला सकाळी नऊची वेळ दिली तर त्याचा खाडा होतो. संध्याकाळची किंवा रविवारची वेळ देणारी साइट त्याला जवळच्या साइटपेक्षा सोयीची पडते.