.३१५ रायफल: बेताच्या बजेटातली बोल्ट-अॅक्शन

मोहोळकडच्या वस्तीवर आमचं पीक संरक्षणासाठी बंदुकीचं लायसन आहे. जुनी बारा बोअरची बंदूक थकली, म्हणून रायफल बघायला लागलो. विलायतीचे भाव ऐकले आन् दुकानातला चहा तसाच ठेवून उठलो. शेवटी बंगालातल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ घेतली, सेकंडहँड.

यंत्र इंग्रजी फौजेच्या जुन्या ली-एनफिल्ड रायफलीच्या धर्तीचं, म्हणजे दर गोळीला बोल्ट (मागचा खिट्टा) हातानं मागं-पुढं करायचा. काडतूस मात्र ८ बाय ५० मॅनलिकर या जुन्या ऑस्ट्रियन जातीचं. ली-एनफिल्डचं मूळ फौजी काडतूस .३०३; ते साध्या लायसनवर मिळत नाही, त्यावरचा हा तोडगा. मॅगझिनमध्ये ५ गोळ्या. बोल्टची मूठ उचलून मागे ओढली की अलगद येते. पुढं ढकलताना मात्र शेवटच्या बोटभर अंतरात घोड्याची (फायरिंग पिनची) स्प्रिंग अडते, कारण बंद होतानाच ती ताणली जाते. जर्मन माउझर ९८ च्या पद्धतीत हे काम मूठ उचलतानाच होतं. इथं तळहातानं ठाम रेटा द्यायचा, घाबरत घाबरत नाही. माझ्या रायफलीला दुर्बीण बसवायची सोय नाही; चष्मेवाल्यांनी विचार करावा.

जुनी घेताना बोल्टवरचा आन् बॉडीवरचा नंबर जुळवून बघा. नंबर वेगळे असतील तर कितीही स्वस्त असो, सोडा. नळीत टॉर्च मारा. गंजाचे खड्डे दिसले तर तेल लावून जात नाहीत.

आणि हो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हौसेच्या शिकारीला आता बंदी आहे. ज्वारीत घुसलेलं डुक्कर मारायलाही वन खात्याची परवानगी लागते. नान्नज अभयारण्यातल्या काळविटांकडं तर नळीसुद्धा वळवू नका.

काडतुसांचं रायफल घेण्याआधीच विचारा. आमचा दुकानदार अजून "पुढच्या सोमवारी" म्हणतोय.