जुना स्विच घ्यावा की स्विच २? मराठवाड्यातील खरेदीदारासाठी तुलनात्मक आढावा

निंटेंडो कंपनीचा स्विच २ हा कन्सोल, म्हणजे हातात धरून किंवा टीव्हीला जोडून गेम खेळण्याचे यंत्र, ५ जून २०२५ रोजी बाजारात आला आणि पहिल्या चार दिवसांतच त्याचे ३५ लाखांहून अधिक नग विकले गेले. साहजिकच, ज्यांनी जुना स्विच घेण्यासाठी पैसे बाजूला काढले होते, त्यांचा हात आखडला. २०१७ मध्ये निघालेले यंत्र आता घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे ठरेल का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. मराठवाड्यात राहून खरेदी करणाऱ्यासाठी तो अधिक अवघड होतो, कारण निंटेंडो आपले कन्सोल भारतात अधिकृतपणे विकत नाही. जे मिळते ते आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडून किंवा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून येते, आणि त्यामागे कंपनीची भारतातली वॉरंटी नसते. माझे मत आधीच नोंदवून ठेवतो: ज्याच्याकडे आज एकही कन्सोल नाही आणि ज्याला खर्चाचा विचार करावा लागतो, त्याने जुनाच घ्यावा, मात्र जुन्यांपैकी कोणता, हे नीट पारखून घ्यावे.

आधीच्या पिढ्यांचे काय झाले

नवे यंत्र आले की जुने लगेच संपते, ही समजूत हॅंडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायच्या, कन्सोलच्या इतिहासाशी जुळत नाही. २००४ च्या अखेरीस निंटेंडो डीएस आला, तेव्हा त्यात कंपनीच्या आधीच्या गेम बॉय ॲडव्हान्स या यंत्राची कार्ट्रिजेही (गेम साठवलेल्या छोट्या डब्या) चालत होती. कंपनीने २००५ मध्ये गेम बॉय मायक्रो हे छोटेखानी रूप काढून जुन्या मालिकेला पुन्हा हवा देण्याचा प्रयत्न केला. परंतु एकाच यंत्रात दोन्ही पिढ्यांचे गेम चालतात म्हटल्यावर ग्राहक डीएसकडे वळला. २०११ मध्ये थ्रीडीएस आला, तेव्हा चित्र थोडे बदलले. तोही डीएसची कार्डे स्वीकारत होता, पण सुमारे २५० डॉलरची किंमत लोकांच्या पचनी पडली नाही आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीला ती १७० डॉलरवर आणावी लागली. दरम्यान डीएस आपली जागा धरून होता, इतका की पोकेमॉन ब्लॅक २ आणि व्हाइट २ हे गेम २०१२ मध्येही त्याच्यासाठीच काढण्यात आले.

थ्रीडीएस आणि मूळ स्विच यांचे नाते मात्र निराळे होते, कारण स्विचमध्ये थ्रीडीएसचे कार्ड चालतच नाही. त्यामुळे मार्च २०१७ मध्ये स्विच आल्यानंतरही थ्रीडीएसला स्वतंत्र स्थान राहिले: त्याच वर्षी जुलैमध्ये न्यू टूडीएस एक्सएल हे नवे मॉडेल निघाले आणि नोव्हेंबरमध्ये पोकेमॉन अल्ट्रा सन व अल्ट्रा मून आले. उत्पादन २०२० मध्ये थांबले, ऑनलाइन दुकानातील विक्री मार्च २०२३ मध्ये बंद झाली, आणि ऑनलाइन खेळण्याची सोय त्यानंतरही एप्रिल २०२४ पर्यंत चालू होती. नवा कन्सोल आल्यावर जुन्याला मिळालेली ही मुदत सात वर्षांची आहे. सोनीच्या पीएसपी या हॅंडहेल्डचीही कथा अशीच: डिसेंबर २०११ मध्ये त्याचा वारसदार व्हिटा आला, त्यात पीएसपीच्या यूएमडी डिस्क जात नव्हत्या, शिवाय त्याचे मेमरी कार्ड वेगळे आणि महाग होते, म्हणून पीएसपीची विक्री २०१४ पर्यंत रेंगाळली.

यातून खरेदीदाराने घ्यायची गोष्ट थोडी उलटी आहे. नवे यंत्र जुने गेम स्वीकारत असेल, तर जुने यंत्र दुकानातून लवकर उठते, पण त्याच्या गेमना आणखी एक पिढी मिळते. स्वीकारत नसेल, तर जुने यंत्र अधिक दिवस विकले जाते, पण ते बिघडले की त्याच्या गेमचा साठा नुसता कपाटात पडून राहतो. नवा ट्रॅक्टर जुन्याच नांगराला आणि पेरणीयंत्राला जोडता येत असेल, तर अवजारांत घातलेला पैसा बुडत नाही, एवढाच हा हिशेब आहे. स्विच २ पहिल्या प्रकारात मोडतो: काही अपवाद सोडले तर मूळ स्विचची कार्डे आणि डाउनलोड केलेले गेम त्यावर चालतात. आज जुन्यासाठी घेतलेले गेम चार वर्षांनी नव्यावरही चालणार असल्याने जोखीम फक्त यंत्राच्या किमतीपुरती उरते.

दोघांत प्रत्यक्ष फरक कोठे आहे

जुन्या घराण्यात तीन भावंडे आहेत. मूळ स्विच ६.२ इंची स्क्रीनचा, २०१९ चा स्विच लाइट ५.५ इंची, आणि २०२१ चा ओएलईडी (त्याच नावाच्या प्रकारची स्क्रीन असलेला) ७ इंची. स्विच २ ची स्क्रीन ७.९ इंची आहे, ती १०८०पी दर्जाची आणि १२० हर्ट्झपर्यंत चालणारी आहे. टीव्हीला जोडल्यावर हा कन्सोल ४के चित्रही देतो, तर जुन्या तिघांच्या स्वतःच्या स्क्रीन ७२०पीच्या, म्हणजे कमी बारकाव्याच्या, आहेत. आतली साठवण मूळ स्विच आणि लाइटमध्ये ३२ जीबी, ओएलईडीत ६४ जीबी आणि स्विच २ मध्ये २५६ जीबी आहे. कागदावर सामना एकतर्फी वाटतो. तरीही स्विच २ ची स्क्रीन एलसीडी असल्यामुळे अंधाऱ्या दृश्यांतला काळा रंग ओएलईडीइतका गडद दिसत नाही. ज्याला टीव्हीशी देणेघेणे नाही आणि जो रात्री अंथरुणात पडून खेळणार आहे, त्याच्या डोळ्यांना जुना ओएलईडी अधिक आवडण्याची शक्यता आहे.

बॅटरीच्या बाबतीत तर नवा कन्सोल मागेच आहे. कंपनीच्या आकड्यांनुसार स्विच २ एका चार्जवर २ ते ६.५ तास चालतो, ओएलईडी ४.५ ते ९ तास, लाइट ३ ते ७ तास. नांदेडहून निघालेली तपोवन एक्सप्रेस परभणी, जालना करीत संभाजीनगरला पोहोचेपर्यंत चार-साडेचार तास जातात. एवढ्या प्रवासात ओएलईडी सहज तग धरेल. स्विच २ वर एखादा जड गेम लावला, तर परभणी मागे पडल्यावर पॉवर बँक शोधावी लागेल. वजनाचाही फरक हाताला जाणवतो: जॉय-कॉनसह (दोन्ही बाजूंच्या सुट्या कंट्रोलरसह) स्विच २ सुमारे ५३४ ग्रॅमचा, तर लाइट २७५ ग्रॅमचा आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी घ्यायचा असेल, तर केवळ या कारणासाठी लाइटचा विचार करावा. मात्र लाइट टीव्हीला जोडताच येत नाही, आणि त्याचे कंट्रोलर अंगालाच जडलेले असल्याने ते बिघडले की अख्खा कन्सोल दुरुस्तीला द्यावा लागतो.

उष्णतेचा मुद्दा आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचा आहे आणि परदेशी तुलनांत त्याला जेमतेम एक ओळ मिळते. निंटेंडोने स्विच ५ ते ३५ अंश सेल्सियस तापमानात वापरण्याची सूचना दिली आहे. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांपुढे जातो, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून वेगळी स्थिती नसते. डॉकमध्ये (टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमध्ये) बसवून टीव्हीवर खेळताना कन्सोल हातात धरून खेळण्यापेक्षा अधिक तापतो, त्यामुळे जुना असो वा नवा, एप्रिल-मेच्या दुपारी तो डॉकमध्ये घालू नये. कूलरच्या अगदी समोर ठेवण्याचा मोहही टाळावा, कारण ती हवा दमट असते आणि कन्सोलचा छोटा पंखा तीच हवा आत ओढतो. २०१९ च्या मध्यापासून निघालेल्या स्विचमध्ये चिप २० ऐवजी १६ नॅनोमीटर पद्धतीची आहे. ती कमी वीज खाते आणि कमी तापते, आणि ओएलईडी व लाइटमध्येही हीच सुधारित चिप आहे. म्हणून २०१७-१८ चा पहिला स्विच कितीही स्वस्त मिळाला, तरी तो मराठवाड्यात घेऊ नये असे माझे मत आहे.

गेमचे काय

मारियो कार्ट वर्ल्ड आणि डाँकी काँग बनांझा हे गेम केवळ स्विच २ वरच खेळता येतात, आणि ज्याचा जीव त्यांच्यात अडकला आहे त्याला जुना घेऊन समाधान लाभणार नाही. परंतु कंपनीने जुन्याला वाऱ्यावर सोडलेले नाही. पोकेमॉन लेजंड्स झेड-ए ऑक्टोबर २०२५ मध्ये आणि मेट्रॉइड प्राइम ४ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोन्ही यंत्रांसाठी आले. हॉलो नाइट सिल्कसाँगही दोन्हीकडे आहे. फरक चित्राच्या सफाईत आणि वेगात आहे: नव्यावर पोकेमॉन सेकंदाला ६० फ्रेमने (चित्रांनी) चालतो, जुन्यावर ३० ने. ज्याने आजवर मोबाइलवरच गेम खेळले आहेत आणि ज्याच्यासमोर इतक्या वर्षांचा संपूर्ण साठा न खेळलेला पडला आहे, त्याला ३० फ्रेमचे दुःख होण्याचे कारण मला दिसत नाही.

नव्याची एक गैरसोय मात्र खेड्यापाड्यात अधिक टोचेल. त्याच्या काही गेमच्या डबीत गेम-की कार्ड येते: त्या कार्डात गेम नसतो, तो डाउनलोड करण्याची परवानगी तेवढी असते. ब्रॉडबँड नसलेल्या गावात मोबाइलच्या रोजच्या डेटावर पन्नास-साठ जीबीचा गेम उतरवायला किती दिवस लागतील, याचा हिशेब घेण्याआधीच करावा. शिवाय स्विच २ मध्ये गेम साठवायला मायक्रोएसडी एक्सप्रेस हेच कार्ड लागते. आपल्याकडच्या मोबाइल दुकानात मिळणारे साधे मायक्रोएसडी कार्ड त्यात गेमसाठी चालत नाही. जुन्या स्विचला ते बिनदिक्कत चालते.

सेकंडहँड घेताना

जुना घ्यायचा ठरल्यावर तो बहुधा वापरलेलाच मिळतो, आणि इथे दुकानात उभे राहून दहा मिनिटे खर्च करावीत. कन्सोल उलटा करून मागच्या बाजूला तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक वाचावा: एचएसी-००१ एवढेच असेल तर तो जुन्या चिपचा, एचएसी-००१ पुढे कंसात उणे ०१ असेल तर सुधारित चिपचा, आणि एचईजी-००१ म्हणजे ओएलईडी. अनुक्रमांक एक्सकेडब्ल्यूने सुरू होत असेल, तरीही तो सुधारितच. त्यानंतर सेटिंगमध्ये जाऊन स्टिकचे (अंगठ्याने फिरवायच्या दांडीचे) कॅलिब्रेशन उघडावे आणि हात न लावता पाहावे. मधला ठिपका आपणहून एका बाजूला सरकत असेल, तर तो ड्रिफ्टचा प्रसिद्ध आजार आहे. मोबाइल दुरुस्तीचा चांगला कारागीर स्टिक बदलून देऊ शकतो, पण तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. शेवटी आपल्या फोनचा हॉटस्पॉट जोडून ऑनलाइन दुकान उघडून पाहावे. पायरेटेड गेमसाठी छेडछाड केलेल्या कन्सोलवर कंपनी बंदी घालते, आणि असा कन्सोल बाहेरून धडधाकट दिसला तरी ऑनलाइन जात नाही. दुकानदार याला नकार देत असेल, तर तेथून निघावे.

स्विच २ घेणाऱ्याने वेगळ्या ठिकाणी सावध राहायचे आहे. जपानमध्ये २०२५ साली ४९,९८० येनला निघालेला स्विच २ सर्वांत स्वस्त दिसतो, म्हणून तिकडून येणाऱ्याला तो आणायला सांगण्याचा मोह होतो. पण तो फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्याला जपानचा प्रदेश निवडलेलेच खाते जोडता येते. बहुभाषी आवृत्ती तेथेच ६९,९८० येनला विकली गेली. काही हजार येन वाचवून जपानी मेनूसमोर बसण्यात शहाणपण नाही.

जुना आणखी स्वस्त होईपर्यंत थांबावे, हा सल्लाही हल्ली सर्रास ऐकू येतो, पण या वेळी तो लागू पडताना दिसत नाही. अमेरिकेत कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे नवा बाजारात असताना, जुन्या स्विचच्या किमती वाढवल्या. आपल्याकडचा माल बाहेरच्या भावावरच ठरतो.

ज्यांच्या घरी जुना स्विच आधीच आहे, त्यांनी नवा घेताना तो विकण्याची घाई करू नये. घरात दोन भावंडे असतील, तर गेमशेअरच्या सोयीने स्विच २ वरचे काही निवडक गेम शेजारी ठेवलेल्या जुन्या स्विचवर, दुसरी प्रत न घेता, एकत्र खेळता येतात. डाउनलोड केलेले जुन्या पिढीचे गेमही व्हर्च्युअल गेम कार्डच्या रूपाने एका यंत्रातून दुसऱ्यात हलवता येतात. ज्याच्या जॉय-कॉनला ड्रिफ्ट लागला आहे आणि बॅटरी उतरली आहे, अशा जुन्या यंत्राला बाजारात फारशी किंमत येत नाही. स्टिक बदलून तो धाकट्याला दिल्यास त्याचा उपयोग अधिक होईल.